निघण्याचं बटण

वर्ष पहिलं

७ जानेवारी

आजपासून रोजनिशी, कारण आजपासून इतिहास सुरू. हे वाक्य बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सुरू कर, पण बेताने. खाली एकाच्या दाढेत सुई आहे."

बायको दातांची डॉक्टर. तळमजल्यावर तिचा दवाखाना, वर आम्ही. ही इमारत पूर्वी एक छोटं इस्पितळ होती, त्यामुळे वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक एक्स-रेची खोली आहे. तिच्या दाराला आतून शिशाचा पत्रा आहे. आमची यंत्रं तिथे मांडली. मौनी म्हणाला, "थंड राहतील." दिवसभरात तो एवढंच बोलला.

मौनी म्हणजे माझा कॉलेजपासूनचा मित्र. तेव्हा मी बोलायचो आणि तो गणितं सोडवायचा. आताही वाटणी तीच. कंपनीतलं तिसरं माणूस मावशी, आईची धाकटी बहीण. एकतीस वर्षं टपाल खात्यात पार्सलच्या काउंटरवर काढून ती डिसेंबरात निवृत्त झाली आणि पाचव्या दिवशी कंटाळली. येणाऱ्या पत्रांना उत्तरं द्यायचं काम तिने स्वतःच मागून घेतलं.

तिला कंपनी समजावून सांगितली. "मावशी, हजारो लोक प्रोग्रॅम लिहितात आणि ते कुलपात न ठेवता उघडे ठेवतात. कोणीही वाचावा, चूक दाखवावी, सुधारावा, घेऊन जावा. या लोकांना एकत्र काम करायला जागा लागते. ती जागा आपण देणार."

"म्हणजे गोदाम."

"गोदाम नाही गं! चौक! जिथे माणसं भेटतात, वाद घालतात, एकमेकांचं काम पुढे नेतात!"

"चौकात ठेवलेलं सामान टिकत नाही, बाळ. निदान पावती तरी देणारेस ना?"

विनोदी बाई आहे. आमचा स्वतःचा प्रोग्रॅमही आम्ही त्याच चौकात उघडा ठेवणार. ज्याला बघायचंय त्याने झाकण न काढता बघावं. आमच्या भांड्याला झाकणच नाही.

१९ जानेवारी

ग्रंथालयाच्या हॉलमध्ये पहिलं जाहीर भाषण. एक्केचाळीस श्रोते. (बायकोच्या मते त्यातले बारा थंडी वाजत होती म्हणून आत आले होते. असोत. ऊब शोधणाराच विचारांपाशी येतो.)

बोलता बोलता असं सुचलं की अंगावर काटा आला. म्हणालो, "मित्रहो, तुमच्या प्रोग्रॅमचा मजकूर तर कोणीही उतरवून नेईल. पण त्याभोवती तुम्ही केलेली चर्चा, नोंदवलेल्या तक्रारी, कोणी कधी काय सुचवलं, हा सगळा संसार जागा देणाऱ्याच्या ताब्यात राहतो. तो उद्या म्हणाला, मी दुकान बंद करतो, तर? म्हणून आमच्याकडे आत यायला एक बटण असेल आणि बाहेर पडायला एक! दाबा, आणि सगळा संसार घेऊन निघा! ज्याला निघता येत नाही तो पाहुणा नव्हे, तो कैदी!"

टाळ्या. थंडीवाल्यांनीही वाजवल्या.

परत येताना मौनीने विचारलं, "कुठलं बटण?"

"निघण्याचं."

"कधीपर्यंत?"

"परवा आपण सुरू होतोय. तेव्हाच."

तो चालता चालता थांबला. मग मावशीच्या बरोबरीने चालू लागला आणि दोघं बराच वेळ हळू आवाजात काहीतरी बोलत राहिले. त्याने तिला दोन वाक्यांहून जास्त ऐकवलं, याचंच मला कौतुक वाटलं.

२१ जानेवारी

सुरू झालो! आणि बटण तयार! हिरवं, गोल, देखणं. मौनीने नेहमीच्या पद्धतीने आपलं काम सगळ्यांसमोर ठेवलं. मी खाली "उत्तम!" असं लिहून मंजुरी दिली. दाबून बघणार तेवढ्यात त्याने हात धरला. "नको. दाबलं की काम सुरू होतं."

"कसलं काम?"

"निघायचं."

बरोबर आहे. पहिल्याच दिवशी निघण्याचा अभद्रपणा कशाला?

३ मे

पहिला माणूस निघाला. पियानो जुळवणारा एक कारागीर. स्वर जुळवायला मदत करणारा एक प्रोग्रॅम त्याने आमच्याकडे ठेवला होता. मावशी सकाळीच म्हणाली, "एक जण निघालाय. त्याचं बोचकं बांधतेय. दुपारपर्यंत मला हाक मारू नका."

मी म्हणालो, "जाऊ दे त्याला! त्याचं जाणं हाच आपला विजय!"

"विजय ठेव बाजूला. जाड पुठ्ठ्याची वही आहे का एखादी?"

वही दिली. बटण जे आपोआप करतं ते मावशी पुन्हा स्वतः तपासून बघते. काउंटरची सवय, दुसरं काय. दुपारी तिने मौनीला विचारलं, "उत्तर आधी आणि प्रश्न नंतर लागला तर चालेल का रे?" तो म्हणाला, "नाही चालणार." किती खोल प्रश्न! यावर एक भाषण होऊ शकेल.

मौनीने बटणासाठी तीन महिने मागितले. मी म्हटलं, झालेल्या बटणाला तीन महिने? परिपूर्णतेचा अतिरेकी ध्यास हा त्याचा एकमेव दोष.

वर्ष दुसरं

११ सप्टेंबर

नऊ हजार प्रकल्प. एक्स-रेच्या खोलीत आता उभं राहायला जागा नाही. बायकोने तक्रारींच्या जाहीर यादीत, जिथे जगातला कोणीही लिहू शकतो, स्वतःच्या नावाने नोंद केली आहे: "वरच्या मजल्यावर भाषणाचा सराव चालू असताना पेशंट आ करत नाहीत." खाली सतरा अनोळखी लोकांनी "आम्हालाही हाच त्रास" अशी खूण केली. त्यांना कसला त्रास? ते तर कुठल्या कुठे राहतात.

आनंदाची बातमी: पियानोवाला परत आला! मावशीला त्याने लिहिलं आहे, "पत्राबद्दल आभार." कुठलं पत्र कोण जाणे. बहुधा माझं मासिक निवेदन. शब्दाची ताकद अशी असते.

वर्ष चौथं

२ मार्च

आयुष्यातली सगळ्यात मोठी संधी. संशोधकांचा एक संघ आहे, त्यात दोनशे बारा प्रयोगशाळा. त्यांचं सगळं काम दुसऱ्या एका कंपनीकडे होतं. ती एका शुक्रवारी दुपारी बंद पडली. नोटीस नाही, फोन नाही. प्रोग्रॅम वाचले, कारण त्यांच्या प्रती घरोघर होत्या. पण अकरा वर्षांच्या चर्चा आणि नोंदी गेल्या त्या गेल्याच.

आता संघ नवी जागा शोधतोय. फेब्रुवारीपासून प्रत्येक प्रयोगशाळेने एकेक प्रकल्प आमच्याकडे चाचणीला ठेवला आहे. ३० तारखेला मतदान. ते आले तर आम्ही उभे राहिलो. नाही आले, तर आमच्याकडचे मोठे प्रकल्प संघाच्या मागोमाग दुसरीकडे जातील आणि एक्स-रेच्या खोलीत पुन्हा एक्स-रे निघू लागतील. मौनी हे एका वाक्यात म्हणाला: "नाही आले तर संपलं."

संघाच्या अध्यक्षा पक्षी मोजणाऱ्या बाई आहेत. मी त्यांना पक्षीवाल्या बाई म्हणतो. ९ तारखेला मला भाषणाला बोलावलं आहे. काय बोलायचं ते ठरलं आहे. बटण!

९ मार्च

घरी येऊन बूटही न काढता लिहितोय. आनंदाने!

तीनशे चाळीस माणसं. पन्नास मिनिटं बोललो. पाण्याचा घोट घेतला नाही. शेवटी पक्षीवाल्या बाई उठल्या. पांढरे केस, आवाज शांत.

"निघण्याचं बटण दाबल्यावर नेमकं काय होतं, हे तुम्हाला माहीत आहे?"

"दार उघडतं, बाई!"

"कसं?"

"प्रामाणिकपणाने!"

हॉल हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अशी भाषणं आम्ही मागच्या कंपनीकडूनही ऐकली होती."

मग मात्र माझं रक्त उसळलं. हात वर करून म्हणालो, "तर मग माझ्यावर विश्वास ठेवूच नका! हा फोन तुमच्या हातात आहे. आत्ता, बसल्या जागी, प्रत्येकाने आपल्या प्रकल्पाचं बटण दाबा! तुमचा संसार तुमच्या हाती पडला नाही, तर मी पुन्हा कधी या व्यासपीठावर चढणार नाही!"

तीनशे चाळीस माना खाली झुकल्या. सगळ्या दोनशे बारा प्रकल्पांची बटणं दाबली गेली. समोरच्या रांगेत मौनी बसला होता. तो एकदम उठून बाहेर गेला. भरून आलं असणार.

१० मार्च

सकाळी वर गेलो. मावशीच्या टेबलावर चिठ्ठ्यांची चळत, चिठ्ठ्यांवर पेन्सिलीने क्रमांक. ती बाह्या सरसावून बसली होती.

"हे काय?"

"काल तू पाठवलेली गिऱ्हाइकं. दोनशे बारा. गर्दीच्या दिवसांत आमच्याकडे सातशे व्हायची, पण तेव्हा आम्ही सहा जण होतो."

"पण हे बटण आपोआप करतं ना?"

मावशीने मौनीकडे पाहिलं. मौनीने शिशाच्या दाराकडे पाहिलं.

"मीच ते आपोआप," मावशी म्हणाली.

मी खुर्चीत बसलो. खुर्ची दवाखान्यातली, मागे कलणारी. कललो तसाच राहिलो. मग मौनी तीन वर्षांत बोलला नव्हता इतकं बोलला. "तू एकोणीसला सांगितलंस. एकवीसला सुरू व्हायचं होतं. तेवढ्यात होण्यासारखं नव्हतं. म्हणून तात्पुरतं केलं. दाबलं की मावशींना चिठ्ठी जाते. त्या हाताने सगळं उतरवून, बांधून पाठवतात. खरं करायला मी तीन महिने मागितले. तू म्हणालास, झालंय ते पुन्हा काय करायचं."

"मग तेव्हा ओरडला का नाहीस?"

"मी?"

खरंच. तो कसा ओरडणार?

तीन वर्षांत नऊ जण निघाले, नऊच्या नऊ मावशीने पोचवले. एका बोचक्याला दीड तास. रोज आठ तास धरले तरी दोनशे बारांना चाळीस दिवस. मतदानाला वीस.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी की हे लपवलेलं नव्हतं. आमच्या उघड्या प्रोग्रॅममध्ये त्या जागी मौनीने साध्या शब्दांत लिहून ठेवलं आहे: "तात्पुरतं. नंतर खरं करणे." तीन वर्षं ती ओळ भर चौकात पडून आहे. कोणीही वाचू शकलं असतं. मी वाचली नाही. मी तिच्यावर भाषणं केली.

११ मार्च

सकाळी एक सूचना लिहिली. "अभूतपूर्व प्रतिसादामुळे निर्माण झालेल्या तांत्रिक विलंबाबद्दल दिलगीर आहोत." वाक्य गोल, गुळगुळीत, कुठे बोट लागत नाही. दुपारी जेवताना बायकोला दाखवलं.

तिने घास गिळला. "किडलेल्या दाताला वरून पांढरं फासतात तसं झालंय. छान दिसतंय. किती दिवस टिकेल?"

"वीस दिवस टिकलं तरी पुरे."

"तूच म्हणतोस ना, ज्याला निघता येत नाही तो कैदी? मग परवा हॉलमध्ये दोनशे बारा कैदी होते की नव्हते?"

"ते मी वेगळ्या अर्थाने..."

"आ कर," ती म्हणाली. ही तिची जुनी युक्ती. माझं तोंड उघडं आणि बोलणं बंद.

इमारतीला सात फेऱ्या मारल्या. पहिल्या तीन फेऱ्यांत मी सूचनेच्या बाजूने बोललो, पुढच्या तीनमध्ये विरुद्ध. सातव्या फेरीत बोलायला काही उरलं नव्हतं. वर येऊन खरं काय ते लिहायला बसलो. चौदाशे शब्द झाले. मावशीने पेन्सिल घेतली.

"'मानवी स्वातंत्र्याच्या इतिहासात', हे काढ. पार्सलावर पत्ता लिहितात, निबंध नाही."

"पण संदर्भ..."

"तूच चुकलायस ना? मग इतिहासाला कशाला मध्ये घालतोस?"

पाच वाक्यं उरली. तक्रारींच्या जाहीर यादीत क्रमांक ४११८ ला स्वतःच्या नावाने टाकली:

"निघण्याचं बटण खोटं आहे. दाबलं की आमच्या मावशींना चिठ्ठी जाते आणि त्या हाताने सगळं बांधून पाठवतात. संस्थापकाने तीन वर्षं हे न बघता भाषणं केली. रांगेत दोनशे बारा जण आहेत, त्यांतले नऊ झाले. मदत हवी आहे."

मावशीने दहावं बोचकं उघडलं. मी खाली जाऊन दवाखान्याच्या बाकावर पेशंटांमध्ये बसून राहिलो. तिथे सगळेच घाबरलेले असतात, त्यामुळे मी उठून दिसत नव्हतो.

१२ मार्च

सहाशे उत्तरं. थोडी इथे उतरवतो, कारण ती सोसली पाहिजेत.

"मावशींची आवृत्ती कितवी?"

"मावशी उघड्या परवान्याखाली आहेत का? आमच्या ऑफिसला एक हवी आहे."

"मावशींची दुसरी प्रत ठेवली आहे ना कुठेतरी?"

दोन प्रकल्प रागावून निघाले. त्यांनीही बटण दाबलं आणि रांगेत दोनशे तेरा, दोनशे चौदा लागले. मावशी म्हणाली, "रागावलेल्यांचं आधी बांधते. ते वाट बघताना जास्त रागावतात."

"कासव" या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांची नोंद आली: "मी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. बाहेर पडण्याचं बटण हा माझा विषय आहे. मावशी नेमकं काय करतात, ते कुठे लिहिलेलं आहे का?"

आणि सगळ्यात खाली पक्षीवाल्या बाई: "ती तात्पुरती ओळ मी फेब्रुवारीतच वाचली होती. तुम्ही कधी वाचता ते बघायचं होतं. मतदान ठरल्या दिवशी होईल."

म्हणजे व्यासपीठावर मी हात वर करून उभा होतो तेव्हा हॉलमध्ये एका माणसाला सगळं माहीत होतं. दोघांना, मौनी धरून. मावशी हॉलमध्ये नव्हती. ती इथे होती, चिठ्ठ्या मोजत.

१५ मार्च

कुठे लिहिलेलं आहे का? आहे! मी दिलेल्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत! एक्याऐंशी पानं, टपाली अक्षर, प्रत्येक पानाला समास. मौनीने पानापानाचे फोटो काढून यादीत टाकले. या काही ओळी:

"प्रश्न आधी, उत्तर नंतर. तारखा उलट्या लागल्या तर भली माणसं भांडकुदळ दिसतात."

"कोणी नाव बदललं असेल तर जुनं नावही आत ठेवावं. नाहीतर जुने मित्र ओळखत नाहीत."

"चित्रांची यादी वेगळी द्यावी. चित्र हरवलं तर कळत नाही, यादीतलं हरवलं तर कळतं."

"पोच आल्याशिवाय गेलं म्हणू नये."

कासव यांनी लिहिलं, "काम कसं करायचं हे इतकं स्वच्छ लिहिलेलं मी आयुष्यात वाचलं नव्हतं. पान एक ते दहा मी घेतो." मग पानं वाटली जाऊ लागली. कोणी अकरा ते पंधरा, कोणी फक्त बावीस. पियानोवाल्याने प्रश्न-उत्तरांचा क्रम मागून घेतला. म्हणे, आधीचा स्वर नंतर लागला की काय होतं ते मला विचारा. चोपन्न माणसं! कोणी कोणाला पाहिलेलं नाही. मी तीन वर्षं ज्याच्यावर भाषणं ठोकत होतो ते डोळ्यांसमोर घडत होतं आणि मला त्यात काही काम नव्हतं.

विचारलं, "मी काय करू?"

मौनीने पाण्याच्या मोठ्या बाटलीकडे बोट दाखवलं. रिकामी होती. भरून आणली.

२२ मार्च

झालं! मौनीने पक्षीवाल्या बाईंच्या प्रकल्पावर दाबून पाहिलं. चार मिनिटं. त्या बाईंचं बोचकं मावशीने आधीच हाताने बांधून पाठवलं होतं, त्याची यादी तिच्याकडे होती. ती चष्मा लावून दोन्ही याद्या घेऊन बसली. आम्ही दोघं उभे. खाली बायकोचं यंत्र घूं घूं करत होतं.

"एका चर्चेत उत्तर आधी आलंय," मावशी म्हणाली.

पियानोवाल्याला कळवलं. अर्ध्या तासात दुरुस्ती आली. पुन्हा दाबलं. मावशीने शेवटच्या ओळीपर्यंत पेन्सिल नेली आणि चष्मा काढला. "बरोबर आहे. माझ्यापेक्षा नीट बांधलंय मेल्याने."

हाताने तिने एकसष्ट पोचवली होती, दोन रागावलेली धरून. उरलेली एकशे त्रेपन्न यंत्राने एका सकाळीत पोचवली, प्रत्येकाची पोच घेऊन. आता मावशीला काम उरलं नाही, या विचाराने मला वाईट वाटलं. तिला तसं म्हणालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती पत्ता नसलेल्या पार्सलाकडे पाहत असेल.

२५ मार्च

तक्रार क्रमांक ४१६३, पियानोवाला: "नव्या बटणाने सगळं येतं, पण पत्र येत नाही. पहिल्या वर्षी मी निघालो तेव्हा बोचक्यात पत्र होतं. त्या पत्रामुळे मी परत आलो."

खाली रांगच लागली. हाताने बांधलेली ज्यांना मिळाली ते म्हणत होते, "आम्हालाही होतं." उरलेले विचारत होते, "मग आम्हाला का नाही?"

मी मावशीकडे गेलो. "कसलं पत्र?"

"एक चिठ्ठी टाकायचे आत. पार्सल उघडल्यावर माणूस आधी चिठ्ठी वाचतो."

"कंपनीच्या नावाने?"

"माझ्या नावाने. बांधलं कोणी?"

"आणि लिहायचीस काय?"

"जे दिसलं ते. क्रम लावायचा तर सगळं वाचावंच लागतं."

सगळं! तीन वर्षं ही बाई प्रत्येक निघणाऱ्याची शब्दन् शब्द चर्चा वाचत होती. मला प्रकल्पांचा आकडा पाठ आहे, तिला माणसं. आणि पियानोवाला माझ्या मासिक निवेदनामुळे परत आला नव्हता. हे मी इथे स्वच्छ अक्षरात लिहून ठेवतो.

"एखाद्या पत्राची प्रत दाखव ना."

"प्रत कशी असेल? ज्याचं त्याला गेलं."

उघड्या चौकाचा मी एवढा मोठा पुरस्कर्ता, आणि आमच्या कंपनीतली सगळ्यात मोलाची गोष्ट बंद पाकिटातून जात होती. यावर मला अजून मत सुचलेलं नाही. असं क्वचित होतं.

कासव यांनी संध्याकाळच्या आत बटणाखाली एक छोटा चौकोन जोडला: "मावशींचं पत्रही हवं. (थोडे दिवस लागतील.)" मावशीला विचारलं, झेपेल का? म्हणाली, "बांधायचं काम गेलंय ना आता? नुसतं वाचायचंय. उलट बरंच आहे." या वेळी मी कामाला मंजुरी देण्याआधी प्रत्येक ओळ वाचली. तीन ओळी कळल्या नाहीत. मौनीला विचारल्या. त्याने सांगितल्या.

३० मार्च

मतदान. चाळीस मिनिटांचं भाषण खिशात होतं. व्यासपीठाच्या पायरीशी पोचलो आणि आठवलं की इथे परत चढणार नाही असं मीच म्हणालो होतो. संसार हाती पडले खरे, पण बसल्या जागी नाही. म्हणून खालीच उभा राहिलो.

"बटण आता खरं आहे. वाचून बघा, मग दाबून बघा." आणि बसलो.

बायको शेवटच्या रांगेत होती. नंतर म्हणाली, "मला वाटलं तुझी तब्येत बिघडली."

बाजूने एकशे एक्याऐंशी, विरुद्ध एकतीस!

पक्षीवाल्या बाई आमच्याबरोबर इथे आल्या. जिना चढून वर पोचल्या आणि मी पुढे केलेल्या हाताला ओलांडून विचारलं, "त्या कुठे बसतात?" मावशीच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही पत्रात विचारलं होतंत, पाणकोंबडीच्या मोजणीवरून झालेलं आमचं भांडण मिटलं का."

"मग, मिटलं का?"

"नाही."

"तो दुसरा माणूस बरोबर होता असं मला वाटलं."

"मलाही आता तसंच वाटतंय," बाई म्हणाल्या, आणि हसल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आमची अकरा वर्षं परत येणार नाहीत. पण ते भांडण कोणीतरी शेवटपर्यंत वाचलं, हे मला पहिल्यांदा कळलं."

जाताना बायकोने त्यांची दाढ तपासली. म्हणे, हॉलमध्येच लक्षात आलं होतं, बाई एकाच बाजूने हसतात.

३१ मार्च

आज कोणी बघत नसताना आमच्या स्वतःच्या प्रोग्रॅमवर गेलो. तीन वर्षांची आमची चर्चा, आमच्या तक्रारी, सगळं तिथेच आहे. हिरवं बटण. आयुष्यात पहिल्यांदा दाबलं. खालच्या चौकोनात खूण केली.

सामान चार मिनिटांत आलं. पत्राला थोडे दिवस लागतील.

३ एप्रिल

आलं. इथे उतरवून ठेवतो. प्रत नसते म्हणून.

"चि. बाळ,

तू सगळं घेऊन निघालास असं कळलं. मोजून घे. चर्चा एक हजार चारशे सहा. तक्रारी चार हजार एकशे सत्तर, त्यांतल्या तुझ्या आवाजाबद्दल एकवीस, पैकी अकरा खालच्या मजल्यावरून. पहिल्या वर्षी २१ जानेवारीला मौनीने ती तात्पुरती ओळ दाखवली आणि तू खाली 'उत्तम!' लिहिलंस, तेही आत आहे. काढलेलं नाही.

बाळ, तू बोलतोस ते मला आवडतं. तू हॉलमध्ये ते बोलला नसतास तर बटण झालंच नसतं; मी आणि मौनी अजून एकमेकांना विचारत बसलो असतो की करावं का. फक्त बोलून झालं की एकदा वर येऊन बघत जा, कोण काय बांधतंय.

निघालायस तर दार ओढून घे. कडी लावू नकोस, आम्ही आतच आहोत.

मावशी

ता. क. पोच दे. बोलणारी माणसं पोच द्यायला विसरतात."

पाच पानी उत्तर लिहिलं. वाचलं. फाडलं.

एक शब्द पाठवला: "पोचलं."

मावशी पलीकडच्याच टेबलावर होती. तिने चष्मा खाली घेतला, वाचलं, आणि वहीत माझ्या नावापुढे पेन्सिलीने खूण केली.